होडीतला औषधाचा वास

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्या साली फुगवट्यातले मासे मी मारले.

एवढं लिहून मी उठलो, चहा केला, प्यालो, परत येऊन बसलो. वाक्य तसंच होतं. आता पुढचं लिहितो.

नाशिक सोडल्यावर गोदावरी सपाटीला लागते आणि निफाडच्या बाजूला एका बंधाऱ्याशी अडते. बंधाऱ्यामागे जे उथळ पाणी पसरलेलं आहे, त्याला आम्ही फुगवटा म्हणतो. थंडीत तिथे लांबलांबचे पक्षी उतरतात. पावसाळ्यात शहराची सगळी घाण नदीतून वाहत येऊन तिथेच थांबते, आणि त्या घाणीवर पाणवेल, म्हणजे जलपर्णी, माजते. फुगीर देठांची, जांभळ्या फुलांची. फोटोत छान दिसते. तिच्या खाली ऊन पोचत नाही, आणि बदकांना उतरायला मोकळं पाणी उरत नाही. दसऱ्याच्या सुमाराला पाऊस ओसरला की ती काढायचं काम निघायचं आणि थंडी पडेपर्यंत चालायचं. एका लहानशा संस्थेकडे हे काम होतं. मी त्यांचा सुपरवायझर होतो.

त्याआधी मी शेतीऔषधांच्या दुकानात काउंटरवर होतो. दुकान बंद पडलं, वय चाळिशीच्या पुढे गेलेलं, त्यात हे काम मिळालं. पक्ष्यांचं मला फारसं काही कळत नव्हतं. मी द्राक्षवाल्याच्या घरातला. आमच्या घरात आभाळ भरून आलं की वडील ताटावरून उठायचे. पान जरा वाकडं दिसलं, मण्यावर जरा डाग दिसला, की पहिला प्रश्न एकच: काय मारायचं? डावणी रोगाला काय मारायचं, भुरीला काय मारायचं. फवारणी म्हणजे आमच्याकडे अंघोळीसारखी गोष्ट. हा प्रश्न माझ्या हाडात मुरलेला होता, आणि तोच घेऊन मी पाण्याच्या काठावर गेलो होतो.

काम मात्र हातानं करायचं होतं. होडीतून जाड दोर नेऊन पाणवेलीच्या तुकड्याला वेढा घालायचा, दोराची दोन्ही टोकं काठावर आणायची आणि काठावरच्या बायकांनी मिळून ओढायचं. तुकडा थडीला लागला की दाताळ्यानं वर घ्यायचा आणि पाण्यापासून लांब नेऊन टाकायचा. एखादा देठ जरी परत पाण्यात गेला तरी त्याचा पुन्हा पसारा होतो. पाण्यात औषध अजिबात मारायचं नाही, हा पहिला नियम. तो पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून मीच सांगितला होता.

होडी ज्यांची होती त्यांना सगळे मामा म्हणायचे. बंधाऱ्याखालच्या मासेमारांच्या घरांतले. माणूस गोड नव्हता. दोर टाकायला सांगितलं तर आधी वारा कुठला आहे यावर वाद घालणार, मग माझी टोपी कशी शहरी आहे त्यावर बोलणार, आणि मग दोर टाकणार. त्यांची बायको, म्हणजे मामी, काठावरच्या बायकांची पुढारीण. ओढायच्या वेळी आवाज तिचाच.

"ओढा गं बायांनो! सायबांच्या मिशीला घाम फुटंस्तोवर ओढा!"

एकदा मी म्हणालो, कालच हा पट्टा साफ केला होता, आज परत हिरवा कसा? तर मामी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सायेब, आपण हिला पुढून उपटू ऱ्हायलो अन् ही मागून बाळंत होऊ ऱ्हायली. हिचं कुटुंब नियोजन तुमच्या हापिसात बघा काही जमलं तर."

बायका दोर सोडून हसल्या. मामा होडीतून ओरडले, "हसा! तिकडं अख्खा तुकडा सुटून चालला, हसा!"

मामांची एक जुनी गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात डोह आटला होता, तेव्हा त्यांनी पाण्यात विषारी पावडर टाकून मासे धरले होते आणि ते सापडले होते. तेव्हा गावातल्या खंडोबाच्या देवळासमोर पारावर बैठक झाली. त्यांनी सगळ्यांसमोर बेल-भंडार उचलला आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून शपथ घेतली. मासेमारी सोसायटीनं मासे धरायचा पास राहू दिला, पण बजावून सांगितलं: पुन्हा सापडलास तर पास कायमचा गेला आणि होडी पाण्याबाहेर. त्यानंतर मामांनी बारीक आसाचं, म्हणजे पिल्लंही अडकतील असं, जाळंसुद्धा कधी वापरलं नाही, असं लोक सांगायचे. सांगताना थोडं हसायचे. मामा समोर असले की हसायचे नाहीत.

त्या साली कोपऱ्यातली पाणवेल काही केल्या हटेना. फुगवट्याचा एक भाग गावाच्या बाजूला आत घुसलेला आहे, तो कोपरा. तिथून पक्षी सगळ्यात जवळून दिसतात, म्हणून पाहुण्यांना तिथेच आणतात. आम्ही दिवसभर ओढायचो, रात्रीतून वारा फिरायचा आणि सकाळी कोपरा परत भरलेला. बायकांच्या तळहातांची सालं निघाली. तशात संस्थेच्या ऑफिसातून आमच्या साहेबांचा फोन आला.

"पाहुणे यायचेत. कोपरा मोकळा दिसला पाहिजे."

"साहेब, माणसं वाढवता येतील का?"

"माणसं वाढणार नाहीत. तुम्ही बघा काय ते. औषधाच्या लाइनमधला माणूस म्हणून तर तुम्हाला घेतलं."

एवढंच बोलले. औषध मारा असं ते म्हणाले नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर कित्येक वर्षं मनातल्या मनात मी त्यांच्याच तोंडी ते घालत होतो.

मी चांदवडला गेलो आणि टू-फोर-डी विकत आणलं. ओळखीच्या दुकानातून घेतलं नाही, यावरून मला काय कळत होतं ते तुम्हीही ओळखाल. हे तणनाशक आहे. ऊसवाले उसातल्या गवताला मारतात. द्राक्षवाल्याच्या घरात त्याचं नावही काढत नाहीत, कारण वाऱ्यावर त्याचा नुसता अंश द्राक्षावर आला तरी कोवळं पान पंख्यासारखं आवळतं, शिरा एका ठिकाणी गोळा होतात. ज्या पंपानं ते मारलं तो पंप पुन्हा बागेत नेत नाहीत. कितीही धुतला तरी वास जात नाही.

बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी असायची. मामा-मामी मासे विकायला बाजारात गेलेले. होडी बाभळीला बांधलेली. वारा पडलेला होता, आमच्या वडिलांच्या भाषेत मारायला झकास सकाळ. घरून आणलेला पाठीवरचा पंप भरला, मामांची होडी सोडली आणि कोपऱ्यातल्या पाणवेलीवर एका कडेनं मारत गेलो. हात सवयीचा. पानं चमकत होती. एक कमळपक्षी त्या पानांवरून लांब बोटं टाकत माझ्या पुढे पुढे चालत होता. त्याला मी हाकललं. तेवढंच मला सुचलं.

पंपाचं झाकण नीट बसत नव्हतं. औषध गळून होडीच्या तळाशी साचलं. मी गोणपाटानं पुसलं, पाणी मारलं, परत पुसलं. वास राहिला. उन्हानं जाईल म्हटलं, होडी जशी होती तशी बांधली आणि निघालो. पंप भंगारात घातला. घरी सांगितलं, चोरीला गेला.

पाणवेल आधी वाकडी झाली, मग तपकिरी, मग कुजून खाली बसायला लागली. मामी काठावर उभी राहून बघत होती.

"सायेब, ही जळू कशी ऱ्हायली? कुणाची नजर लागली म्हणायची?"

"थंडीचं होतं तसं," मी म्हणालो.

"थंडी कुठं हाय अजून? मला तर घाम येऊ ऱ्हायला."

 मामा होडीत वाकून काहीतरी हुंगत होते. म्हणाले, "ह्या फळ्यांना कसला वास येतो गं? तू राकेल सांडलं का?" मामी म्हणाली, "मी कशाला सांडू? तुमचीच बाटली फुटली असंल." दोघांचं त्यावरून जुंपलं आणि विषय तिथेच राहिला.

पाहुणे आले, दुर्बिणी आल्या, मोकळ्या पाण्यावर थापट्या बदकं उतरलेली दिसली. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर आभाळ आलं. काही दिवस ऊन पडलं नाही. एवढी मोठी पाणवेल एकदम मेली, तळाला जाऊन कुजली, की पाण्यातली हवा ती खाऊन टाकते. हे मला आता नीट माहीत आहे. तेव्हा अर्धवट माहीत होतं, आणि ते अर्धं पुरेसं होतं. एका सकाळी मी पोचलो तेव्हा कोपऱ्याचं पाणी पांढरं दिसत होतं. कटला, चिलापी, बोटभर पिल्लं, सगळी पोटं वर करून. काही अजून जिवंत होती, तोंड पाण्याबाहेर काढून आ वासत होती. घारी वर फिरत होत्या. मामा गुडघाभर पाण्यात उभे होते. एक मोठा कटला त्यांनी कल्ल्यात बोटं घालून उचलला, बघितला, परत पाण्यात सोडला. हा माणूस गप्प उभा राहिलेला मी पहिल्यांदा बघत होतो.

मला बघून म्हणाले, "सायेब, तुम्ही शिकलेले. काय झालं असंल हे?"

"तपासावं लागेल," मी म्हणालो.

तोवर काठावर माणसं जमली होती. कुणीतरी होडीत उतरलं आणि ओरडलं, "अरे, औषधाचा वास येतोय इथं! हुंगून बघा!" मग एकेक जण वाकून हुंगायला लागला. मामी मध्ये पडली, "अरे, तो वास लय दिवसांचा हाय! आम्हाला बी कळंना कशाचा हाय!" कुणी ऐकलं नाही. एकानं म्हटलं, "सवय कुठं जाते, मामा?" आणि त्या वेळी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडोबाच्या पारावर बैठक बसली. पुढे बसले होते ते काका, काठाला ज्यांची द्राक्षबाग आहे. गावात त्यांचा शब्द चालतो. बैठक सुरू व्हायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि खिशातून एक पान काढलं.

"तू द्राक्षवाल्याचा पोरगा. हे बघ. पाण्याकडच्या दोन ओळींचे सगळे शेंडे असे झालेत. काय हाय हे?"

पान पंख्यासारखं आवळलेलं. शिरा एका जागी गोळा झालेल्या. ते पान माझ्या हातात होतं आणि माझी फवारणीची सकाळ त्या पानावर स्पष्ट लिहिलेली होती.

"व्हायरस असेल," मी म्हणालो.

"मला वाटलंच," काका म्हणाले आणि पान खिशात ठेवून पारावर जाऊन बसले.

मामांना उभं केलं. त्यांनी आधी सगळ्यांना शिव्या घातल्या, नंतर रडले, नंतर शांत झाले. मग म्हणाले, "बेल-भंडार आणा. मी उचलतो. पण ह्या वेळी मी एकटा नाय उचलणार. ज्याचा ज्याचा ह्या पाण्यात हात हाय, त्यानं समद्यांनी उचलायचा. सोसायटीवाल्यांनी उचलायचा, बायांनी उचलायचा, सायबांनी बी उचलायचा. मंग कळंल देवाला कुणाचा हात हाय ते."

लोकांना ते पटलं. काकांनी मान हलवली. पुजारी आत गेला, पितळी ताटात भंडारा आणि वर बेलाची पानं घेऊन बाहेर आला. पिवळाधमक भंडारा. आमच्या घरचं कुलदैवतही खंडोबाच. दर चंपाषष्ठीला घरची तळी मी उचलायचो. ते ताट माझ्यापर्यंत आलं असतं तर मला हात पुढे करता आला नसता, आणि सगळ्यांनी ते बघितलं असतं.

मी उभा राहिलो.

म्हणालो, "हे काय चाललंय? कुठल्या जमान्यात आहोत आपण? भंडाऱ्यानं पाण्यातलं विष कळतं का? माणसाला असं देवासमोर उभं करून छळायचं, ही काय पद्धत झाली? हे शास्त्रानं ठरू दे. मी पाण्याचा नमुना घेतो, लॅबला पाठवतो. काय असेल ते कागदावर येईल."

बोलताना माझा आवाज कापत होता. लोकांना ती कळकळ वाटली. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "बरोबर बोलला हा." ताट आत गेलं. सगळ्यांच्या देखत मी पाण्यावर गेलो, बिसलरीची रिकामी बाटली भरली, बूच लावलं, पिशवीत ठेवली. मामा मागे उभे राहून बघत होते. त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, ते ताट. ती मी परत पाठवली होती.

बाटली मी घरी जाताना रस्त्याखालच्या मोरीत ओतली.

नमुन्याचं काय येईल ते येईल, पण होडीत वास आहे आणि माणूस आधी एकदा सापडलेला आहे, म्हणून सोसायटीनं तोवर पास काढून घेतला. 'तोवर' हा शब्द मी स्वतः ऐकला. पुढे नमुन्याचं काय आलं, हे गावात मला कुणीही विचारलं नाही. होडी ओढून काठावर उपडी घातली. मामी दुसऱ्या दिवशी कामावर आली, दोराचं टोक हातात घेतलं, आणि शेजारच्या बाईनं आपलं टोक सोडून दिलं. मामीनंही सोडलं, पदर खोचला आणि घरी गेली. त्यानंतर काठावर ओढताना कुणी ओरडत नव्हतं. थोड्याच दिवसांत ते दोघं चांदवडकडे कांद्याच्या खळ्यावर कामाला गेल्याचं कळलं. पुढच्या हंगामात दुसऱ्या कुणाची तरी होडी आली. मीही ते काम पुढे फार दिवस केलं नाही. सोडण्याचं कारण मात्र ते नव्हतं. कारण पगार होतं. खरं लिहायचं ठरवलंय तर तेही लिहायला हवं.

त्या सालापासून चंपाषष्ठीला मी काहीतरी निमित्त काढून घराबाहेर असतो. तळी धाकटा भाऊ उचलतो. घरच्यांना वाटतं, देवाधर्मावरचा माझा विश्वास उडाला.

गेल्या उन्हाळ्यात चांदवडला गेलो होतो. पुतण्याच्या लग्नाच्या पत्रिका वाटायच्या होत्या. रस्त्याकडेच्या एका कांद्याच्या खळ्यावर ओळखीचे लोक होते म्हणून थांबलो, तर शेडच्या सावलीत कांदा निवडत मामा बसलेले. खूप वाळलेले. आधी मला वाटलं, ते ओळखणार नाहीत. त्यांनीच हाक मारली.

"ओ सायेब! टोपी कुठं गेली?"

त्यांनी मला पोत्यावर बसवलं. मामीला हाक मारून चहा सांगितला. मामीचे केस पांढरे झालेत. चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मिशी उतरवली व्हय?" तेवढंच बोलली आणि परत निवडायला बसली. मामा मात्र बोलत राहिले. कांद्याचा वास, उकाडा, मुकादमाची कटकट. पूर्वीइतकेच कडू. मग एकदम थांबले.

"तुमचं एक चांगलं होतं बघा. त्या दिवशी आख्ख्या गावात माझ्या बाजूनं तुम्ही एकटेच बोलले."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"ते पाणी पाठवलं होतं ना तुम्ही? त्या बाटलीतलं. त्याचं काय आलं?"

इतकी वर्षं हा माणूस त्या बाटलीची वाट बघत होता. मी ते विसरलो नव्हतो, पण कुणी वाट बघत असेल हे माझ्या मनात आलं नव्हतं. तेव्हाही मला खरं बोलता आलं असतं. समोर दोघंच होते.

"काही निघालं नाही त्यात," मी म्हणालो.

मामांनी हातातला कांदा खाली ठेवला. मामीनं मान वर केली.

"काहीच नाय निघालं?" मामा म्हणाले. "म्हणजे माझं खरं होतं. ऐकलं का गं? काय नाय निघालं म्हणतात." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "मंग सायेब, गावात का नाय सांगितलं?"

 पत्रिका वाटायच्यात म्हणून उठलो. मामा रस्त्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "आता जमलं तर सांगा. परत नाय जायचं मला तिकडं. पण सांगा." मी हो म्हणालो.

तेव्हापासून मी लिहायचा प्रयत्न करतो आहे. लिहून झालं की सुटलो असं वाटेल, असा माझा अंदाज होता. तसं काही वाटत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणीही त्या पारावर बसलेलं नव्हतं.

मी अजून एवढं देणं लागतो: त्याच पारावर, त्याच माणसांसमोर उभं राहून, मामांचं नाव घेऊन सांगायचं की त्यांच्या होडीतला वास माझ्या पंपाचा होता आणि मासे मी मारले. ते सांगताना ताट पुढे आलं तर हात मागे घ्यायचा नाही. मग चांदवडला जाऊन हे सगळं त्या दोघांना सांगायचं. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.